दहाव्या सहीचा उन्हाळा

कांदा काटणीला आला की मला अजून तो उन्हाळा आठवतो.

रानात बायका ओळीनं बसलेल्या असतात. डोक्यावर पदर, पदरावर टॉवेल. पातीच्या उग्र वासानं डोळे चुरचुरतात, पण गप्पा थांबत नाहीत. कुणाची सून नांदत नाही, कुणाच्या पोराला कंपनीत लागून महिना झाला नाही तर तो गाडी मागतोय. मी चहाची किटली घेऊन बांधावर उभी असते. सगळं कसं ठीकठाक चाललेलं असतं. आणि मग लांब डांबरी रस्त्यावरून एखादी भोंगा लावलेली रिक्षा जाते. बिचारी कसल्यातरी सेलची जाहिरात करत असते, पण माझे हात गार पडतात. भर उन्हात हात गार पडलेली बाई बघायची असेल तर आमच्या बांधावर या.

दोन उन्हाळ्यांपूर्वी ह्याच दिवसांत माझा धाकटा भाऊ मिलिंद खासदारकीला उभा राहायला निघाला होता. शिरूरच्या जागेवर. हसलात ना? हसा. सगळेच हसले होते. मी तर सगळ्यात आधी हसले आणि मग भांडले. "अरे, लोकसभा म्हणजे गावची सोसायटी वाटली काय तुला? उन्हानं डोकं फिरलंय का?" असं मी फोनवर ओरडले. तो शांतपणे म्हणाला, "अक्का, फिरलंय म्हण. पर उभा ऱ्हाणार हाय." आमच्यात मोठी मी असले तरी हट्टी तोच.

त्याचा पक्ष असा, की नाव सांगितलं की समोरचा माणूस "हां, हां" म्हणायचा आणि मग हळूच विचारायचा, "म्हंजी कुठला वो?" निळा झेंडा, पुण्यात एका जिन्याखाली कचेरी, आणि ऐकणाऱ्यांपेक्षा भाषण करणारेच जास्त. तिकिटासाठी रांग वगैरे काही नव्हती. उभं राहायला माणूस मिळाला ह्याचाच त्यांना आनंद झाला होता.

मिलिंद कारेगावला राहतो. आमचं माहेर निमोण्याचं, पण रांजणगावला कंपन्या आल्या तसा तो एका कंपनीत कामाला लागला नि तिकडं सरकला. कारेगावात आता खोल्याच खोल्या आहेत. पत्र्याच्या, सिमेंटच्या, एकीवर एक चढवलेल्या. शिफ्ट सुटली की रस्ता राखाडी शर्टांनी भरून जातो. कुणी बीडचा, कुणी बिहारचा. एका खोलीत सहा-सहा पोरं. हवेत गोडसर जळका वास असतो, तो कुठल्या कंपनीचा हे तिथल्या माणसांनाही सांगता येत नाही. त्या सगळ्यात मिलिंदच्या बायकोची, सुजाताची, खानावळ. चार लांब टेबलं, भिंतीला बुद्धाचा नि बाबासाहेबांचा फोटो, आणि तव्यावरच्या चपातीचा वास. मी गेले की आधी तिथं बसते. घरापेक्षा मला ती खानावळच आवडते.

त्या खानावळीत सूरज नावाचा एक पोरगा जेवायचा. झारखंडचा. मिरचीचा खर्डा जादा मागायचा आणि मग डोळ्यांतून पाणी काढत "चाची, बहुत तीखा है" म्हणत पुन्हा मागायचा. एका कारखान्यात तो मशीनमध्ये सापडून गेला. कंत्राटदार म्हणाला, असा कुणी पोरगा आमच्याकडं कामालाच नव्हता. आणि मिलिंदनं तर त्याला रोज डबा घेऊन गेटातून आत जाताना पाहिलेलं. मिलिंद ह्या पुढाऱ्याकडं गेला, त्या पुढाऱ्याकडं गेला. सगळ्यांनी चहा पाजला. गेटासमोर चार पोरं घेऊन बोलायला उभा राहिला, तर पोलिसांनी हाकलून लावलं.

तेव्हापासून हे खूळ त्याच्या डोक्यात. "अक्का, आपण आसंच बोललो तर हाकलत्यात. उमेदवार झालो की परमिशन मिळती. गाडी मिळती, भोंगा मिळतो. गेटाम्होरं उभं राहून बोललो तरी कुणी हात लावत न्हाई." दिल्लीला जायची स्वप्नं त्याला पडत नव्हती. त्याला तेवढे दिवस हवे होते, बोलायच्या परवानगीचे. हे कळल्यावर मी भांडायची थांबले. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं, फक्त जास्त आरडाओरडा करून.

सुजाता मात्र गप्प झाली. त्याचं कारण होतं. ज्या कंत्राटदाराची पोरं तिच्याकडं जेवायची, तो एक दिवस खानावळीत येऊन बसला, पोटभर जेवला, आणि हात पुसत गोड बोलून गेला, "ताई, तुमच्या हाताला चव आहे. पण दादा उभे राहिले, तर माझी पोरं दुसरीकडं जेवतील. वाईट वाटून घेऊ नका." मिलिंदनं तोवर पक्षाला होकार कळवून टाकलेला होता, आणि तो होकार सुजाताला कळला तो ह्या कंत्राटदाराच्या तोंडून. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं ताट वाढायची, पाणी ठेवायची आणि आत जायची. नवराबायकोच्या भांडणाची मला सवय आहे, रोजचंच आहे आमच्याकडं. पण ती शांतता मला सोसायची नाही.

आता आमच्या घरचं सांगते, कारण घोटाळा तिथंच झाला.

माझं सासर दौंड तालुक्यात, भीमेच्या काठावर. आमची विहीर, घर, गोठा नदीच्या अलीकडं. पण चार एकर रान पलीकडं, शिरूर तालुक्यात. सासऱ्यांनी कधीकाळी घेतलेलं. पूल नव्हता तेव्हा हे लोक होडीतून खुरपायला जायचे. त्यामुळं ह्यांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, सगळं पलीकडंच. सातबारा शिरूरचा, सोसायटी तिकडची, कांदा जातो तो शिरूरच्या बाजारात, दाढी करतात तीसुद्धा पुलापलीकडच्या न्हाव्याकडं. नदी म्हणजे आमच्या गावाला दोन रानांमधला ओढा वाटतो. तिकडची पोर इकडं दिलेली, इकडची तिकडं. अमकं दौंडचं नि तमकं शिरूरचं असं आमच्यात कुणी बोलतच नाही.

आणि ह्यांना मान फार प्रिय. माहेरी सगळे ह्यांना दाजी म्हणतात, म्हणून मीही इथं दाजीच म्हणते. मिलिंदनं घर बांधलं तेव्हा पहिली कुदळ दाजींची. पोरीच्या नामकरणाला पहिला फेटा दाजींना. एकदा लग्नात चुकून फेटा दुसऱ्याच मेहुण्याला आधी बांधला, तर हे जेवले नाहीत. मांडवाबाहेर मोटारसायकलवर बसून राहिले. तेव्हापासून मिलिंद कुठल्याही कामाची सुरुवात ह्यांच्यापासून करतो. आमच्याकडं तशीच रीत आहे, घरचं कार्य म्हटलं की दाजी पुढं.

तर झालं असं, की मोठ्या पक्षाच्या उमेदवाराला अर्जावर एक सूचक पुरतो, म्हणजे ह्या माणसाला उभं करा असं सही करून सांगणारा मतदार. मिलिंदच्या पक्षासारख्यांना दहा लागतात, आणि दहाही त्याच मतदारसंघातले. ऐकताना सोपं वाटतं. दहा माणसं काय, आपल्या बारशालाही येतात. पण सही करायची म्हटलं की माणसाला लगेच आपली बायकापोरं आठवतात. निमोण्याच्या चुलतभावानं आधी हो म्हटलं, मग त्याच्या पोराला कंपनीतून फोन आला. कारेगावच्या दुकानदारानं पेन हातात घेऊन परत ठेवलं. रोज संध्याकाळी मिलिंदचा फोन यायचा: "अक्का, आज येक वाढला." किंवा, "आज दोन गळालं." मी शिवणाचा क्लास घेते, पोरींना ब्लाऊज बेतायला शिकवते, त्या दिवसांत माझी कात्री दोनदा उलटी चालली. एका पोरीचं चांगलं कापड वाया गेलं.

शेवटी दहा जमले. केंदूरचे भागूजी आप्पा आले, मेंढरं विकून शेतीला लागलेले म्हातारे धनगर, मिलिंदच्या सासऱ्यांचे मित्र. ते म्हणाले, "मला आता कोण काय करणार? सही घ्या नि चहा पाजा." आणि पहिली सही, अर्थात, दाजींची. मिलिंद पूल ओलांडून आमच्या ओसरीवर आला, ह्यांच्यापुढं कागद ठेवला. दाजींनी हात धुतले, चष्मा पुसला, आणि झोकात सही ठोकली. मी चहा टाकत होते. मला किती बरं वाटलं होतं म्हणून सांगू. कुणाच्याही मनात काही आलं नाही. यायचं कसं? रान तिकडं, सातबारा तिकडचा. माणूस तिकडचाच की.

अर्ज भरायचा शेवटचा दिवस. मुहूर्तबिहूर्त नाही, सह्या जमायलाच तेवढे दिवस गेले. आम्ही दोघं पहाटेच कारेगावला पोचलो. घरात मेणबत्त्या लावल्या, सगळ्यांनी पांढरे कपडे घालून त्रिसरण म्हटलं. सुजाताही म्हणाली. त्या घरात कित्येक दिवसांत मी तिचा एवढाच आवाज ऐकला. मग तिनं बरोबर निघालेल्या दहाही सूचकांसाठी नि आमच्यासाठी भाकरी, पिठलं नि खर्डा डब्यांत भरला आणि काही न बोलता जीपमध्ये मागं जाऊन बसली. तिला कुणी चल म्हटलं नव्हतं, नको येऊ असंही म्हटलं नव्हतं.

पुण्यातल्या त्या निवडणूक कचेरीबाहेर ऊन नुसतं भाजत होतं. एका बड्या उमेदवाराची मिरवणूक आली होती. हलगी, गुलाल, फुलांची उधळण, गाड्यांवर गाड्या. पोलीस आम्हाला मागं रेटत होते. "आवो, आमीबी उमेदवार हाय," असं मिलिंद सांगत होता आणि हवालदार त्याच्या पायातल्या चपलांकडं बघत होता. तीन वाजता दार बंद होणार होतं. आम्ही आत शिरलो तेव्हा दुपार कलायला लागली होती.

मदतीच्या टेबलावर एक तरुण कारकून होता, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. यादी उघडून एकेक नाव तपासत होता. पहिल्याच नावावर त्याचं बोट थांबलं.

"हे मतदार इथले नाहीत. बारामतीचे आहेत."

"बारामती?" दाजी म्हणाले. "म्या कवा गेलो बारामतीला?"

"काका, तुमचं मतदान दौंडमध्ये आहे. दौंड बारामती लोकसभेत येतं."

"आरं, पर माझा सातबारा शिरूरचा हाय!"

"सातबारा मत देत नाही, काका."

तो काही टोमणा मारत नव्हता, बिचारा खरं तेच सांगत होता. पण आमच्या सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. तो म्हणाला, अर्जच नवा भरावा लागेल, दहाही सह्या पुन्हा, आणि दहावा माणूस शिरूर मतदारसंघातला हवा. "तीनच्या आत रांगेत उभे राहा. नंतर मी काही करू शकणार नाही." मिलिंदनं खाली मान घालून नवा कागद घेतला. लहानपणी तो शाळेत मार खाऊन आला की असाच दिसायचा, आणि मग मी मास्तरांशी भांडायला जायची. इथं भांडायचं कुणाशी?

दाजींनी टोपी काढली, तिची घडी केली, खिशात घातली. "मला परका केला," म्हणाले आणि बाहेर जाऊन लिंबाखाली बसले. एरवी असतं तर मी हसून हसून लोळले असते. त्या घटकेला मला ह्यांचा इतका राग आला की सांगायची सोय नाही. माझ्या भावाचं सगळं मातीत चाललंय आणि ह्यांना मानाचं पडलंय! मी बाहेर जाऊन दोन शब्द सुनावणारच होते, तेवढ्यात भागूजी आप्पा काठी टेकत त्यांच्याजवळ गेले आणि म्हणाले, "पाव्हनं, जरा सरकून बसा. रुसायला मलाबी जागा द्या." दाजी सरकले. पुढं काय बोलले मला ऐकू आलं नाही, पण थोड्या वेळानं हे उठून रसवंतीवरून सगळ्यांसाठी उसाचा रस घेऊन आले, आणि कुणाच्या नजरेला नजर न देता ग्लास वाटत राहिले. तोवर माझा राग निम्म्यावर आला होता.

इकडं मिलिंद फोनवर फोन लावत होता. कारेगावहून कुणी निघालं तरी पोचणार नव्हतं. हडपसर आमच्याच मतदारसंघात येतं. तिथला पक्षाचा एक माणूस "निघालोच" म्हणाला. मग "गाडीतळावर हाय" म्हणाला. मग पुन्हा "गाडीतळावरच हाय, ट्रॅफिक हाय" म्हणाला. मग त्याचा फोनच लागेना. बाहेर हलगी थांबत नव्हती. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायचं नाही असं मी ठरवलं होतं, आणि दर घटकेला तिकडंच बघत होते. बाकीच्या नऊजणांनी नव्या कागदावर पुन्हा सह्या केल्या. दहावी ओळ तेवढी कोरी राहिली.

तेवढ्यात तो कारकून यादीतलं मिलिंदचं स्वतःचं नाव ताडून बघत होता. त्याचं बोट एक ओळ खाली सरकलं. "ह्या कोण? तुमच्या खालचं नाव. सुजाता मिलिंद…"

"बायकू," मिलिंद म्हणाला.

"मग ह्यांची सही का नाही? ह्या तर इथल्याच मतदार आहेत."

नऊ माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली. मी मिलिंदकडं बघितलं. तो हळूच म्हणाला, "अक्का, तिला इचारलं असतं नि ती न्हाई म्हणली असती, तर मला थांबावं लागलं असतं. म्हणून न्हाई इचारलं." आणि भिंतीला पाठ टेकून उभा राहिला. तिच्यासमोर जायचं बळ त्याच्यात नव्हतं.

म्हणून मी गेले. जीपचं दार उघडलं तर आतून भट्टीसारखा झोत आला. ती मागच्या सीटवर डबे मांडीवर घेऊन बसली होती. रेक्झिन तापलेलं, तिच्या कपाळावरून घामाची धार लागलेली.

"जेवायची येळ झाली व्हय?" तिनं विचारलं.

"एक सही कमी पडलीय."

"कळलं मला. डायवर सांगून गेला. ह्यांनी धाडलं का तुमास्नी?"

"नाही. तो आत भिंतीला टेकून उभाय."

तिनं पदरानं कपाळ पुसलं. मग म्हणाली, "अक्का, ह्ये दहा दारं फिरलं. आप्पांच्या वाड्यावर कितींदा गेलं. दाजींसाठी नदी वलांडून आलं. मी तर घरातच ऱ्हाते. एकडाव तरी म्हणायचं, सुजाता, मी ह्ये करू का? खानावळ माझी जाणार. भांडी माझी रिकामी ऱ्हाणार. आन् मला कळतंय कुणाकडनं, तर त्या कंत्राटदाराकडनं."

मला तिचं एकूण एक पटत होतं, आणि तरी मला माझ्या भावासाठी तिच्या पाया पडावंसं वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी. नणंद म्हणून जन्माला येऊ नये माणसानं. मी म्हणाले, "सुजाता, मी तुला सही कर असं म्हणणार नाही."

"मग कशाला आला?"

"खाली उतर म्हणायला. आत पंखा आहे. इथं भाजून मरशील."

तिच्या तोंडावर हसू आल्यासारखं झालं आणि लगेच गेलं. पण उतरली. डबे मात्र हातात तसेच.

दारात मिलिंद तिला सामोरा आला. भागूजी आप्पा म्हणाले, "मिलिंदा, आता तरी इचार की." मिलिंदनं तोंड उघडलं, आणि आतून हवालदार ओरडला, "पुढचा नंबर! चला, चला, पाच जणांच्या वर कुणी नको!" आणि आम्ही ढकलल्यासारखे आत गेलो. मिलिंद, सुजाता, मी, आप्पा आणि पक्षाचे वकील. त्याचं वाक्य तोंडातच राहिलं.

आत गार होतं. मोठ्या टेबलामागं निवडणूक अधिकारी बसले होते, सकाळपासून तेच तेच करून कंटाळलेला माणूस. कागद उलटले, फोटो बघितला, शपथपत्र बघितलं. "सूचक नऊच दिसतात."

"दहावा हाय, साहेब. म्हंजी…" मिलिंद सुजाताकडं बघून थांबला.

अधिकाऱ्यांनी यादीतलं नाव पडताळलं. "उमेदवार तुमचे कोण?"

"मालक," सुजाता म्हणाली.

"स्वखुशीनं सही करताय ना? कुणाची जबरदस्ती नाही ना?" मान वर न करता त्यांनी विचारलं. दिवसभरात कितीजणांना विचारलं असेल कुणास ठाऊक. पेन तिच्यापुढं सरकवलं.

तिनं पेन उचललं नाही. खोलीत नुसता एसीचा आवाज. वकिलांनी घड्याळाकडं बघितलं, आप्पांनी छताकडं.

"थांबा जरा, साहेब," ती म्हणाली. "ह्ये मला आत्तापतुर कुणी इचारलंच नव्हतं. इचार करू द्या."

आता अधिकाऱ्यांनी मान वर केली. चष्मा काढला. "बाई, वेळ कमी आहे."

"म्हाईत हाय."

आणि ती मिलिंदकडं वळली. आमच्या सगळ्यांदेखत, त्या सरकारी टेबलाशी, कित्येक दिवसांनी तिनं नवऱ्याला पहिल्यांदा काही विचारलं. "त्या पोराचं नाव घेनार का भोंग्यातनं? सूरजचं?"

"घेईन."

"रोज?"

"रोज घेईन. प्रत्येक गावात. त्या गेटाम्होरं बी."

"न्हाईतर हार घालून हिंडाल नि इसराल."

"न्हाई इसरणार, सुजाता." चाळिशी उलटलेला माझा भाऊ, अधिकाऱ्यासमोर लहान पोरासारखा डोळे पुसायला लागला. मलाही आवरलं नाही. आप्पा "चला, चला, कागुद भिजंल" असं पुटपुटले.

सुजातानं डबे टेबलावर ठेवले, थेट अर्जांच्या गठ्ठ्याशेजारी. पेन घेतलं आणि सावकाश, एकेक अक्षर जोडत सही केली. मग पेनाचं टोपण लावून ते परत देताना मिलिंदला म्हणाली, "सही केलीया. पर मत माझं हाय. त्ये कुनाला दिलं, ह्ये इचारायचं न्हाई."

अधिकारी हसले. पावतीवर शिक्का मारला. बाहेर आलो तर दार बंद होत होतं, आणि हडपसरचा तो माणूस पायरीवर धापा टाकत उभा होता. दाजींनी त्याला उसाचा रस पाजला. मग आम्ही सगळ्यांनी त्याच लिंबाखाली बसून पिठलं-भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवसापासून कंत्राटदाराची पोरं आली नाहीत. मी आठवड्यानं गेले तर खानावळीत ताटं पालथी घालून ठेवलेली, आणि सुजाता रिकाम्या टेबलाशी गहू निवडत बसलेली. "वाटतंय का गं वाईट?" मी विचारलं. ती म्हणाली, "वाटतंय की. वाटल्याबिगर ऱ्हातंय व्हय?" आणि निवडत राहिली. तिकडं मिलिंद गावोगाव सूरजचं नाव घेत हिंडत होता. कारखान्याच्या गेटासमोर त्याची गाडी उभी राहिली त्या दिवशी शिफ्टची पोरं लांबून, भिंतीआडून ऐकत होती म्हणे. मी ते ऐकू शकले नाही. त्या दिवशी रानात काटणी होती. आणि मला त्याला मतही देता आलं नाही. मी पडले बारामतीची मतदार. दाजींना अजून कुणी तसं म्हटलं की ते उठून गोठ्यात जातात.

लोकसभेत आमच्या घरातलं कुणी गेलं नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. फार थोडी मतं पडली. उभा राहिला म्हणून मिलिंदचं कंपनीतलं काम सुटलं ते सुटलंच. खानावळ मात्र पावसाळ्यानंतर हळूहळू पुन्हा भरली. दुसरी पोरं आली, जुन्यांतली काही गुपचूप परत आली. सूरजच्या घरच्यांना अजून काही मिळालेलं नाही, मिलिंदच्या फेऱ्या चालूच आहेत. फेऱ्यांतून आला की तो खानावळीत पोळपाट मांडून चपात्या लाटतो. वेड्यावाकड्या लाटतो, पण लाटतो.

परवा मी गेले होते. तो कणीक मळत तिला विचारत होता, भाजी कुठली करायची, सिलिंडर कधी आणू, उद्या मीटिंगला जाऊ का नको. ती सांगत होती, हे कर, ते नको. कारेगावच्या केंद्रावर मतदानाच्या दिवशी तिनं शाई लावून घेतलेलं बोट त्यानं पाहिलं होतं. पण मत कुणाला दिलं ते तिनं मलाही सांगितलेलं नाही. मिलिंद आता तिला सगळं विचारतो. तेवढं एक विचारत नाही.